वजन लय, पुडा हलेना

लोकांचं वजन सांगणं हा माझा धंदा आहे. किलोतलं नव्हे, त्यासाठी घरोघरी काटे आहेत आणि त्यावरचा आकडा कोणी खरा सांगत नाही. सोशल मीडियावर कोणाच्या बोलण्याला किती मान आहे, ते शंभरपैकी किती, हे मी सांगते. नागपुरात हे काम करणारे आता पुष्कळ झालेत, पण त्यातले बहुतेक नुसते फॉलोअर मोजतात. फॉलोअर कोणीही मोजेल. ते कीर्तनाला दारात काढलेल्या चपला मोजण्यासारखं आहे. आत किती जण जागे आहेत, ते चपलांवरून कळत नाही.

माझी पद्धत वेगळी होती आणि मला तिचा गर्व होता. थोडा अजून आहे. नुसत्या बदामाला, म्हणजे लाइकच्या लाल खुणेला, मी जवळजवळ शून्य धरायची, कारण बदाम सिग्नलवर उभ्या माणसाच्या अंगठ्यानेही पडतो. चार शब्द लिहिले तर जास्त गुण. आणि कोणी लांबलचक लिहिलं, घरचं काही सांगितलं, सोबत फोटो जोडला, तर सगळ्यात जास्त. माणूस उगाच टंकत बसत नाही, असं माझं म्हणणं. हा सगळा हिशेब संगणक आपोआप करायचा आणि शेवटी एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला मी ‘वजन’ म्हणायची.

आमची कंपनी म्हणजे दोन माणसं. कॉलेजातला एक मित्र गिऱ्हाइकं आणायचा आणि मी आकडे काढायची. धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं आणि पाण्याने भरायचा एक कूलर, जो भरायची पाळी नेहमी माझीच असायची. तीन वर्षं आम्ही लग्नाचे हॉल, चष्म्याची दुकानं आणि कोचिंग क्लासची कामं करत होतो. सगळी सुटी कामं. वर्षभराचं काम कधी मिळालं नव्हतं.

ते बुटीबोरीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यामुळे मिळणार होतं. मालक साठीचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांना तिखटाचा नवा पुडा बाजारात आणायचा होता, अस्सल भिवापुरी मिरचीचा. अट साधी होती. आम्ही नागपुरातले सात चेहरे निवडायचे, त्यांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात व्हिडिओ टाकायचे आणि पुडा चालला तर वर्षभराचं काम आमचं.

मी सात जणी निवडल्या. सगळ्यात वरती मानेवाड्याकडची एक गृहिणी होती. स्वयंपाकघरातूनच बोलायची, पदर खोचून, आणि बोलणं असं की दूध उतू जावं तरी बघणारीने जागचं हलू नये. तिचं वजन आलं एक्याण्णव. एवढा आकडा मी आधी कोणाला दिला नव्हता.

व्हिडिओ आले आणि प्रतिक्रियांचा नुसता पूर आला. लांब लांब प्रतिक्रिया, फोटो जोडलेल्या. संगणकावरची वजनाची रेघ रोज वर चढत होती. मी त्या रेघेचे रंगीत कागद काढून स्पायरल बाइंडिंग केलं, मालकांकडे पाठवलं आणि मित्राला म्हटलं, आता नवा कूलर बघ.

मेच्या मध्यावर मालकांचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या कागदावर वजन तं लय हाये,” ते म्हणाले. “पण दुकानात पुडा हलून नाही राहिला.”

“थोडा वेळ लागतो, सर.”

“वेळ देऊन राहिलो नं. पुढच्या गुरुवारी या. वर्षाचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवून टाकू.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी बाइंड केलेला अहवाल पुन्हा चाळला. आकडे बरोबर होते, बेरीज बरोबर होती. मग मी एक गोष्ट केली, जी तीन वर्षांत कधी केली नव्हती. प्रतिक्रिया स्वतः वाचायला बसले. मोजायच्या होत्या तेव्हा संगणकाने मोजल्या होत्या. वाचल्या कोणीच नव्हत्या.

‘आमचं तं होळीनंतरच भरून झालं ताई.’

‘यंदा पाच किलो केलं. देठ खुडून खुडून बोटांची आग आग झाली, पण रंग पाहा.’ खाली बरणीचा फोटो.

‘कांडपावर दोन तास रांगेत होती मी. ठसक्यानं जीव गेला. पण आता वर्षभर पाहणं नाही.’ पुन्हा बरणीचा फोटो, वर हिंगाचे खडे ठेवलेले.

‘तुमच्यापेक्षा आमचं लाल.’

पानामागून पान हेच. पुडा घेते म्हणणारी एकही नव्हती. सगळ्या बायांनी आपापल्या बरण्या मिरवून घेतल्या होत्या, आणि जितकी बरणी मोठी तितकं वर्णन लांब, जितकं वर्णन लांब तितके मी गुण दिले होते. ‘आम्हाला नको’ असं शेकडो जणींनी प्रेमाने, सविस्तर, फोटोसकट लिहिलं होतं, आणि त्याचीच मी चढती रेघ काढली होती. मला इतकं हसू आलं की खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला. तो गेल्यावर मात्र मी अहवाल उलटा करून ठेवला.

कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी इथेच जन्मलेली. मार्चमध्ये गल्लीगल्लीत गच्चीवर मिरच्या वाळतात, हे मी बघत आले आहे. पण आमच्या घरी मिरची कधी आलीच नाही. भिवापूरची आत्या दरवर्षी तयार तिखटाचा डबा पाठवायची. कधी भरलं, कधी कांडलं, हे मी कधी विचारलं नाही. आयतं खाणाऱ्याला हंगाम कसा कळणार? घरोघरच्या बरण्या काठोकाठ भरल्यावर मी नागपूरकरांना तिखट विकायला निघाले होते.

रविवारी मी उमरेडवरून जाणाऱ्या एसटीने भिवापूरला गेले. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, सत्तरीची, घरची मिरचीची शेती अजून स्वतः बघणारी. मला दारात पाहून ती म्हणाली, “काहून वं, तोंड काहून उतरलं तुहं?”

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला, जुना, बटणांचा, पलीकडचं बाहेर ऐकू येणारा. पलीकडे नागपूरची कोणी बाई होती. लोणच्यासाठी कैऱ्या स्वस्त मिळत होत्या, घेऊ का, असं विचारत होती.

“नको घेऊ आता,” आत्या म्हणाली. “कोय कवळी हाये अजून. आठ दिवस थांब.”

पलीकडची बाई “बरं” म्हणाली आणि तिने फोन ठेवला. काहून नाही, कशाला नाही, नुसतं बरं. माझ्या एक्याण्णववालीला असं ‘बरं’ कोणी म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

“अशा किती जणी विचारतात तुला?” मी धंद्याच्या सवयीने विचारलं.

“मोजल्या नाही बाई. मिरचीच्या टायमाले लय करतात फोन.”

“आणि तू सांगशील ते घेतात?”

“घे म्हटल्यावर काय, घे तं दुकानदारही म्हणते,” आत्या म्हणाली. “नको म्हटलं तं ऐकतात. एका साली आपली मिरची भिजली होती, बुरशी धरली आतून. वरून दिसे चांगली. सगळ्यायले फोन केले, यंदा आपल्या घरची नका घेऊ. तुहे आतोबा चार दिवस बोलले नाही माह्याशी.”

एवढं सांगून ती चहा टाकायला आत गेली. तिच्यासाठी ती फार मोठी गोष्ट नव्हती. मी मात्र ओसरीवर तो ‘नको’ घोळवत बसले.

परत आल्यावर मी माझ्या सातही जणींची वर्षभराची खाती उघडली आणि फक्त एकच शोधलं, हिने कधी कशाला ‘नको’ म्हटलंय का. नव्हतं. साडी भारी, तेल भारी, कढई भारी, सगळंच भारी. मला त्यांचा राग आला आणि तो लगेच विरला, कारण मग मी माझे तीन वर्षांचे अहवाल काढले. मीही कोणत्या गिऱ्हाइकाला ‘नको’ असं लिहिलेलं नव्हतं. चष्मेवाल्याला मी सांगायला हवं होतं. कोचिंगवाल्याला तर नक्कीच सांगायला हवं होतं. माझं स्वतःचं वजन किती, हे मी कधी काढलं नव्हतं, आणि त्या दुपारी काढायची गरज उरली नाही.

गुरुवारी आम्ही बुटीबोरीला गेलो. मालकांच्या टेबलावर वर्षभराच्या कामाचा करार टाइप होऊन तयार होता. मित्राने तो माझ्या आधी पाहिला आणि खाली माझ्या पायाला पाय लावला.

“मी विचार केला,” मालक म्हणाले. “सात चेहरे कमी पडले. मुंबईची मोठी बाई घेऊ, टीव्हीवर येते ते. जूनमधी धडाक्यानं करू. सगळं तुम्हीच पाहा. सही करा.”

“नको, सर,” मी म्हणाले.

मित्राचा पाय माझ्या पायावरून निघून गेला.

“काहून?”

“माझा आकडा चुकला. लोकांना तुमचा पुडा नको होता, आणि मी ते मोजून तुम्हाला हो म्हणून सांगितलं.” मी प्रतिक्रियांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. “वाचा. घरोघरी वर्षाचं तिखट भरलेलं आहे. मुंबईची आणा नाहीतर दिल्लीची, भरल्या बरणीत कोणी पुडा ओतत नाही. आता एकही व्हिडिओ करू नका. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबा.”

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. ‘तुमच्यापेक्षा आमचं लाल’ या ओळीपाशी त्यांच्या मिशा किंचित हलल्या. मी खरंच घाबरले होते, हे इथे लिहून टाकते, कारण एरवी मी घाबरत नाही अशी माझी ख्याती आहे.

“आमच्या घरीही भरून झालं हो,” ते शेवटी स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, “आन् फेब्रुवारीपर्यंत तुमाले काय काम?”

“काही नाही.”

“मंग हा कागद?”

“त्याची गरज नाही.”

त्यांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. मग घंटी वाजवून आतल्या माणसाला बोलावलं. “मुंबईले फोन कर गा,” ते म्हणाले, “आन् सांग, आपण नाही करून राहिलो.” करार त्यांनी उचलून खणात ठेवला, फाडला नाही आणि परतही दिला नाही.

परत येताना वर्धा रोडवर मित्र गाडी चालवत होता. अजनीच्या अलीकडे त्याने गाडीचा वेग कमी केला.

“वर्षभराचं काम घालवलं तू,” तो म्हणाला.

“हो.”

“आन् तुले काय भेटलं?”

मी खिडकीबाहेर बघत होते. तीन वर्षांत मी शेकडो माणसांची वजनं काढली होती आणि त्यातल्या एकाहीबद्दल मी आज शपथ घेतली नसती. पण मी नको म्हटलं आणि एक माणूस थांबला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“एक,” मी म्हणाले. “खरा आकडा.”