मुर्तिनाबाईंचे आठ आकडे

इंडोनेशियातल्या सालातिगा गावात, आमच्या गल्लीच्या टोकाला बॅडमिंटनचं मैदान आहे. रोज सकाळी सहाला आम्ही दहा-बारा बायका तिथं व्यायामाला जमतो. सतरा वर्षं आकडे मोजायचं काम मुर्तिनाबाईंकडे होतं. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई त्या. त्यांच्या आवाजानं अख्खी गल्ली जागी व्हायची.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. सौम्यच होता, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी रोज व्यायाम सांगितला. दोन महिने त्यांनी घरातच नेटानं केला. हात पोचेल तिथं त्यांचे यजमान, सुकिर्नोभाऊ, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायचे. तिसऱ्या महिन्यात रेघा त्याच जागी एकावर एक पडायला लागल्या. बाईंचं मन उडालं. मैदानावर तर त्या यायच्याच नाहीत. ज्यांना हात वर करायला शिकवलं, त्यांच्यासमोर लुळा हात घेऊन कसं उभं राहायचं, असं त्या भाऊंना म्हणाल्या होत्या.

भाऊंनी हे आमच्या पोनिराच्या कानावर घातलं. पोनिराचा टोफूचा धंदा, तोंड फटकळ. तिनं दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना मैदानाऐवजी बाईंच्या फाटकासमोर उभं केलं आणि स्वतः मोजायला लागली. पाचानंतर थेट सात, सातानंतर पुन्हा एक. आम्हीही मुकाट्यानं तसेच हात हलवत राहिलो. तिसऱ्या फेरीला आतून आवाज आला, "अगं पोनिरा, सहा आणि आठ कुठं गेले?"

"आमच्याकडे एवढेच आहेत, बाई. उरलेले तुमच्याकडे राहिले."

बाई दारात आल्या. रागावलेल्याच होत्या. पोनिरा त्यांना म्हणाली, "व्यायाम करा असं कोण म्हणतंय? खुर्चीवर बसा आणि मोजा. आठपर्यंत मोजून झालं की जा घरी."

त्या दिवसापासून बाई मैदानावर यायला लागल्या. रोज हौसेनं नव्हे. कितीतरी सकाळी त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. आज अगदी जिवावर आलंय, म्हणायच्या. मग एकदा आठपर्यंत मोजायच्या, बसल्या जागी जमेल तेवढा हात उचलायच्या आणि खरंच उठून जायच्या. त्यांना कुणी थांबवायचं नाही. एरवी मात्र बसून मोजता मोजता त्यांचा पायही ताल धरायचा आणि फेऱ्या वाढायच्या. पावसाळ्यात आम्ही सहा-सातजणीच उरलो, पण त्यात बाई होत्या. भिंतीवरच्या रेघांचं त्यांनी नावच टाकलं.

झटक्यानंतरच्या अकराव्या महिन्यात एका सकाळी भाऊ धापा टाकत माझ्या दारात आले. बाईंचा डावा हात बधिर पडला होता, बोटं हलत नव्हती. माझ्या मुलानं गाडी काढली, पोनिरालाही सोबत घेतलं आणि आम्ही दवाखाना गाठला. पोनिरा मागच्या सीटवर बाईंचा हात चोळत बसली होती. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. तरी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. तासाभरानं त्या बाहेर आल्या आणि त्यांनी बाईंना विचारलं, "रात्री कुठल्या कुशीवर झोपला होतात?"

"डाव्या."

"हात अंगाखाली दाबला गेला, बाकी काही नाही. रक्तदाब उलट उतरलाय. आता दोन्ही हात वर करा बघू."

बाईंनी केले. डावा उजव्यापेक्षा चार बोटं खाली राहिला, पण डोक्याच्या वर गेला. भाऊ मटकन बाकावर बसले आणि रुमालात तोंड घालून रडायला लागले. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, डावाच.

येताना बाईंनी रस्त्यालगतच्या टपरीवर गाडी थांबवायला लावली. आम्ही पाचहीजणांनी गरमागरम सोतो, म्हणजे कोंबडीचं सूप, खाल्लं. पोनिराला कंठ फुटला होता. सूप पाणचट आहे, म्हणून ती टपरीवाल्याशी भांडत होती. बाईंनी वाटी संपवली, घरी गेल्या आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपल्या.