साहेब, वरचे आणि म्हशी

साहेबांना काहीही विचारा, उजव्या हाताचं बोट आधी छताकडे जायचं आणि मग शब्द यायचे, "वर विचारून सांगतो."

तुम्हीही असे निवृत्त अंमलदार पाहिले असतील. अंगातून कोट उतरतो, पण कचेरी उतरत नाही. आमच्या साहेबांचं 'वर' मात्र खरोखरच वर होतं. माडीवर वहिनीसाहेब असायच्या आणि गुडघ्यांमुळे त्या खाली येत नसत. हळदीकुंकवाचं बोलावणं असो की चहाचा आग्रह, साहेब जिना चढायचे, विचारायचे आणि खाली येऊन निकाल सांगायचे, "मंजूर." नाहीतर, "नामंजूर. साखर वाढलीय."

मी लग्न होऊन कोल्हापुरात त्या गल्लीत आले, तेव्हा त्यांना पेन्शनीत जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवायची म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत. शाळेतून येताना मी त्यांच्या पायरीवर टेकायची आणि ते नोकरीतले किस्से सांगायचे. संस्थानात ते मामलेदार म्हणून लागले, तेव्हा वर दरबार होता. दरबाराच्या वर रेसिडेंट म्हणजे गोरा साहेब, आणि त्याच्याही वर विलायत. पुढे संस्थान विलीन झालं. मग वर मुंबई आली आणि मुंबईच्या वर दिल्ली.

"माणसं बदलली, मास्तरीणबाई. जिना तोच."

वाकणं तेवढं कमी होत गेलं, असं ते म्हणायचे. आधी कमरेतून वाकून मुजरा, मग मान लववून सलाम, मग नुसतं हात जोडून नमस्कार. "स्वराज्यानं माझी कंबर वाचवली," असं म्हणून स्वतःच खळखळून हसायचे.

एकदा गारगोटीच्या फिरतीवर गोऱ्या साहेबानं ढगांकडे बघत त्यांना विचारलं म्हणे, आज पाऊस येईल का? सवयीनं बोट वर गेलं, "वर विचारून सांगतो." साहेब बहादूर एकदम गंभीर झाले. हा माणूस मोठा भाविक दिसतो, असा शेराच त्यांनी मारला. त्या शेऱ्यावर आपल्याला बढती मिळाली, असं साहेब शपथेवर सांगत. मी निम्मं खरं धरायची.

मला त्यांचा रागही यायचा. इतकी मोठी खुर्ची मिळाली आणि माणसानं उभ्या जन्मात स्वतःचं असं काही ठरवू नये? एकदा मी तसं तोंडावर बोललेही. त्यावर ते नुसते हसले.

मग वहिनीसाहेब गेल्या. त्यानंतरही बोट वर जायचंच, पण अर्ध्यावर थांबायचं आणि साहेब ते तसंच खाली आणायचे. अशा वेळी मी दुसरीकडे बघायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चौकात, संध्याकाळी गवळ्यांच्या म्हशी उभ्या राहतात. परगावच्या माणसाला नवल वाटतं, आपल्याला नाही. पेला घ्यायचा, समोर धार काढून घ्यायची आणि फेसासकट दूध प्यायचं. तर एके दिवशी त्या गवळ्यांतली गंगाक्का पदर खोचून साहेबांच्या पायरीशी आली.

"सायेब, कचेरीतली मान्सं आमास्नी हितनं उठवाय लागल्यात. म्हशी गावाभाईर न्ह्या म्हनत्यात. तितं दूध प्यायला कोन येतंय वो? चार म्हशी हाईत, त्या इकून काय करू? आमचं मामंजी सांगायचं, तुमीच त्यांस्नी हितं हुबं केलासा."

बोट वर निघालं. आता हे हात झटकणार, असं मी मनात म्हणाले. पण साहेबांनी बोट खाली आणलं, काठी मागितली आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, रिक्षा बोलवा."

रिक्षात त्यांनी म्हशींची हकीकत सांगितली. विलीनीकरणाचे दिवस होते. दरबार गेला होता आणि मुंबईचा अधिकारी अजून आला नव्हता. कचेरीत साहेब एकटेच बसले असताना गंगाक्काचे सासरे आले आणि त्यांनी विचारलं, चौकात म्हशी उभ्या करू का?

"मी बोट वर केलं. वर कुणीच नव्हतं. मग म्हणालो, करा."

"एवढंच?"

"एवढंच. सबंध नोकरीत कुणाला न विचारता ठरवलेलं तेवढं एकच. बाकी सगळीकडे सही माझी आणि मर्जी दुसऱ्याची."

देशात एवढी उलथापालथ चाललेली आणि साहेबांनी काय केलं, तर म्हशी उभ्या केल्या. मला हसू फुटलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी ते आवरलं. त्यांच्या सगळ्या नोकरीतलं तेवढंच त्यांचं होतं, आणि तेच आता उठवायला निघाले होते.

कचेरीत शिपाई म्हणाला, "आजोबा, बसा हितं. मॅडम मीटिंगमदी हाईत." साहेब बाकावर बसले आणि माझ्या कानात कुजबुजले, "या बाजूनं कचेरी फारच लांब दिसते हो."

मॅडम, म्हणजे तिथल्या अधिकारी, वयानं लहान होत्या, पण अदबीच्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आजोबा, माझ्या हातात नाही हो. वरून आदेश आहेत."

साहेब इतके मोठ्यानं हसले की शिपाई आत डोकावला.

"बाई, मीही जन्मभर हेच सांगत आलो. त्या वरच्यांतलं एक नाव आज मला आठवत नाही. गवळ्याचं आठवतं. तुम्ही एकदा संध्याकाळी येऊन बघा, मग काय ते ठरवा."

मॅडम खरंच आल्या. चौकात उभं राहून त्यांनी रहदारी पाहिली. गंगाक्कानं पेला पुढे केला, तोही रिकामा केला. ओठांवर फेसाची मिशी तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "म्हशी एका बाजूला घेता येतील?"

"न घ्याला काय झालंय? घेतो की!"

आठवड्याभरात निकाल लागला. म्हशींनी एका कडेला उभं राहायचं, संध्याकाळपुरतं. हा निकाल सांगायला मॅडम स्वतः आल्या होत्या.

"वर विचारलंत?" साहेबांनी विचारलं.

"विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "कळवलं."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. मग काठी टेकत उठले आणि त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

पुढच्या थंडीत साहेब गेले. पुण्याहून लेक-जावई येईपर्यंत संध्याकाळ झाली आणि साहेबांना शेवटचं घेऊन निघालेली गाडी चौकात आली ती नेमकी म्हशींच्या वेळेला. आमच्या म्हशी कडा पाळतात, पण आपापल्या मर्जीनं. एक रस्त्यात आडवी उभी होती आणि गंगाक्का तिच्याखाली बसून धार काढत होती. जावईबापू खिडकीतून हात काढून ओरडू लागले, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला.

"हॉर्न बंद करा, पावणं. म्हस बिथरतीया," गंगाक्का मान न वळवता म्हणाली. "धार अर्ध्यात सोडता येत न्हाय."

तिचे गाल ओले होते आणि हात चालू होते. मी पुढे होऊन खिडकीतून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं इंजिन बंद केलं. पेले घेऊन उभी असलेली माणसं आपसूक गाडीकडे तोंड करून उभी राहिली.

धार संपेपर्यंत साहेब थांबले.