खरी भाकरी

केळसकरदादा गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला तेव्हा मी बदलापूरच्या बाजारात मेथी निवडत होतो. "काका, बाबा सकाळी गेले. झोपेतच." मी जुडी हातात धरून उभाच राहिलो. भाजीवाली म्हणाली, "घ्यायची का ठेवायची?" मी जुडी परत ठेवली आणि निघालो. त्याला आता सहा आठवडे झाले.

दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढायचे, मी शेजारच्या टेबलावर. निवृत्तीनंतर त्यांनी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तीन गावांचा इतिहास गोळा करायला घेतला. पदवी नाही, काही नाही. बुवापाड्यातल्या चाळींत, उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या बराकींत जाऊन बसायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करायचे आणि मग सभागृहांत गोष्टी सांगायचे. बरोबर मी असायचोच. त्यांची सर्वात लोकप्रिय गोष्ट भाकरीची. फाळणीनंतर कॅम्पात आलेली एक उपाशी सिंधी पोर, तिला भाकरी देणारी आपल्या गावची बाई; एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण दोघी हसतात. लोक डोळे पुसायचे. पंधरा वर्षं ती गोष्ट गाजली.

एकदा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कार्यक्रम संपल्यावर एक सिंधी आजी काठी टेकत आल्या. "वो लड़की मैं हूँ, बेटा," त्या म्हणाल्या. "पण भाकरी तिने दिली नव्हती. मी चोरली होती. उसने देख लिया... और मुँह फेर लिया. मुझे खाने दिया." दादांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी विचारलं, "हे मी सांगू का लोकांना?" आजी म्हणाल्या, "बोल दे. नाम मत लेना, बस."

पुढच्या कार्यक्रमापासून दादा गोष्ट तशीच सांगू लागले. सभागृहात चुळबुळ व्हायची. सिंधी मंडळींना चोरी आवडली नाही, आपल्या मराठी लोकांना तोंड फिरवणं. आयोजक म्हणाले, जुनीच सांगा. खरं सांगायचं तर मीही म्हणालो, "दादा, काय बिघडतं? जुनी छान होती." ते म्हणाले, "तिने जन्मभर लपवलेलं माझ्या हातात दिलं रे. आता मी ते फेकून देऊ?" पुढे आमंत्रणं आटली. शेवटच्या कार्यक्रमाला मी गुडघ्याचं निमित्त काढून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, कसं झालं? "छान. सात जण होते," ते म्हणाले. गुडघा कसा आहे, हेही त्यांनी विचारलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

गेल्या रविवारी एकटाच बदलापूरजवळच्या सोनिवलीला गेलो. नव्या इमारतींच्या मागे एक शेतकरीण आजी ओट्यावर बसल्या होत्या. कुठल्या इमारतीखाली कुणाचं शेत होतं, ते त्या बोटाने दाखवत सांगत होत्या, मी लिहीत होतो. मधेच त्या थांबल्या. "लिवता खरं, पन सांगाल कोनाला?"

मी वहीची पानं मागे उलटली. दादा उठण्याआधी लिहिलेलं सगळं समोरच्याला वाचून दाखवायचे; त्याने होकार दिल्याशिवाय वही मिटायचे नाहीत. मी वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीत मी एक शेत शेजाऱ्याचं म्हणून वाचलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "त्याचा नाय, ता माझं शेत व्हतं."

मी ओळ खोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.