काकीच्या हातचा पंप

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. मी तो लपवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण माझं तोंडच असं मेलं की पोटातलं सगळं त्यावर उमटतं. ती माझ्यापेक्षा दिसायला उजवी आहे, तिची भाकरीही जास्त फुगते. त्याचं मला काही नाही. माझं दुखणं एकच होतं. माझ्या पोटच्या मुलीला दम लागला की ती मला ओलांडून काकीकडे धावायची.

लेकीला दमा आहे हे ती अंगणवाडीत जायच्या आधीच कळलं होतं. मी रत्नागिरीत एका कचेरीत नोकरी करते. सकाळची एसटी पकडून जाते ती दिवेलागणीला घरी येते. नवरा आणि दीर दोघेही मुंबईत. घरी सासूबाई आणि जाऊ, त्यामुळे लेकीचा रोजचा पंप आपसूक जावेच्या हातात गेला. सुट्टीच्या दिवशी मी द्यायला गेले तर लेक तोंड फिरवायची, मध्येच हसायची, आणि अर्धं औषध हवेत जायचं. काकीने दिला की शहाण्यासारखी घ्यायची. तेही चारचौघांत नाही, तर कोठीच्या खोलीत दार लावून. आतून दोघींची खुसखुस ऐकू यायची. मी दारावर थाप मारली की लेक ओरडायची, "आई, तू नको! हे आमचं दोघींचं आहे!"

मग मी ओटीवर तांदूळ निवडत बसायची आणि सगळा राग खड्यांवर काढायची.

आमचे मुलांचे डॉक्टर भला माणूस, पण वैतागलेला. "बरं वाटलं की पंप बंद करता आणि छाती भरली की धावत येता," ते आमच्या आधी नंबर असलेल्या बाईंना सांगत होते. "रोजचा पंप दम लागू नये म्हणून असतो हो. दम लागल्यावरचा वेगळा." दिवसभर हेच सांगून त्यांचा घसा बसला होता. आमच्या लेकीची छाती तपासली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला. "छान आहे! रोज कोण देतं हिला?"

"काकी," लेक ऐटीत म्हणाली.

"काकींना माझा नमस्कार सांगा."

रजा मी टाकली, रिक्षातून मी आणली, आणि नमस्कार काकींना! मी तो घरी पोचवलाच नाही.

सासूबाईंना पंपच नको होता. "सवय लागली की सुटायचा नाय," त्या म्हणायच्या. "आणि पोरीची जात गो. दम्याची म्हणून नाव झालं, तर उद्या स्थळ कोण आणील?" कोणी बसायला आलं की फळीवरचे दोन्ही पंप आणि ते लावायचं नळकांडं त्या पदराखाली घेऊन आत जायच्या. मी चिडायची. जाऊ मात्र गप्प बसायची. तेव्हा मला वाटायचं, हिला सासूबाईंची मर्जी राखायचीय.

यंदा शिमग्यात पालखी आमच्या अंगणात यायची होती. मी रजा घेतली होती, आणि मनाशी ठरवलं होतं की आज लेक माझ्याच मांडीवर बसून पालखी बघणार. जावेने तिच्या नाकातोंडाला ओला रुमाल बांधून दिला. तेवढंही मला खुपलं.

पालखी आली. खांद्यांवर नाचायला लागली, ढोल घुमायला लागला, गुलाल उडाला आणि अंगणातली तांबडी माती वर आली. लेक टाळ्या पिटत होती. मग ती खोकली. मग टाळ्या थांबल्या. रुमाल काढून बघते तो ओठ पांढरे, गळ्याखाली खळगा पडतोय, आणि छातीतून शिट्टी.

तिला जावेजवळ टाकून मी आत पळाले. फळी रिकामी! पालखीबरोबर गाव येणार म्हणून सासूबाईंनी सगळं कुठेतरी लपवलं होतं, आणि त्या बाहेर गर्दीत देवीची ओटी भरत होत्या. मी हाका मारल्या, पण ढोलापुढे कुणाला ऐकू जाणार? डबे उलटे केले, अंथरुणं उपसली. हात हलवत बाहेर आले तेव्हा मला रडू फुटलं होतं.

ओटीवर जाऊ लेकीला टेकवून बसली होती. तिने कमरेच्या बटव्यातून एक पंप काढला, पदराने पुसला, हलवला. "माझ्याकडे बघ. हळू. आता ओढ," ती म्हणाली. लेकीने ओढला. थोड्या वेळाने पुन्हा. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली.

सासूबाई रिकामं ताट घेऊन उभ्या होत्या. "हा कुणाचा गो?"

"माझा," जाऊ म्हणाली. "लग्नाआधीपासूनचा."

अख्ख्या गावातल्या बायका बघत होत्या. तिने मान खाली घातली नाही. अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत वाढलेली ती. तिनेच मग सांगितलं, बघायला आम्ही गेलो होतो, तेव्हा तिच्या आईने तिला ताकीद दिली होती की दम्याचं नाव काढायचं नाही. कोठीच्या खोलीत ती आपला पंप घ्यायची आणि लेकीला तिचा द्यायची, इतकंच ते गुपित होतं. सासूबाई आत गेल्या, तांदळाच्या पिंपातून लेकीचे पंप आणि नळकांडं काढलं आणि फळीवर ठेवलं.

मी जावेचे हात धरले. मनापासून धरले, खोटं नाही सांगत. पण आत कुठेतरी जळत होतंच. एवढीशी पोर, हिने काकीचं गुपित इतके दिवस पोटात ठेवलं आणि मला पत्ता लागू दिला नाही!

संध्याकाळी लेकीला पुरणपोळी भरवताना मी विचारलंच. "मला का नाही गं सांगितलंस?"

तिने माझ्या गालावर हात ठेवला, मीच लहान असल्यासारखा. "तिला पण लागतो ना दम," ती म्हणाली. "तुला कुठे लागतो, आई?"

माझ्या धडधाकट छातीचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.