एका मोहफुलात साठ लाख फोन

दरेकशाला आत्याच्या घरी मोबाइलची रेंज एकाच जागी मिळते, अंगणातल्या मोहाच्या बेचक्यात. माझ्या फोनला तर तिथेही नाही. म्हणून त्या एप्रिलच्या सकाळी आम्हा दोघींचं लक्ष आत्याच्या साध्या फोनकडे होतं. आतेबहीण पहाटेच गोंदियाला बाळंतपणासाठी भरती झाली होती. रक्त कमी होतं. तिचा नि माझा रक्तगट एकच. गरज पडली तर फोन करतो, असं जावयाने जाताना सांगितलं होतं.

आम्ही मोहफुलं वेचत होतो. नऊ वाजले, दहा वाजले, फोन नाही.

"काऊन येऊन नाही राहिला वं फोन?" आत्याने चौथ्यांदा विचारलं.

मी वर पाहिलं. बेचक्यात फोन नव्हताच, पितळी गडवा होता.

"आत्या, फोन कुठाय?"

"गडव्यात. घंटी घुमते त्यात. आज चुकाले नोको म्हून ठेवला."

मी टोपलं टाकून धावले. वीस वर्षं बारावीला विद्युतचुंबकीय लहरी शिकवते मी, आणि सकाळपासून त्याच झाडाखाली वाकून फुलं वेचत होते.

"कायले काढून राहिली?"

"पितळेतून लहरी आत जात नाहीत. तोंडही अरुंद आहे."

"घंटी भायेर येते, मंग लहर आत काऊन नाही जात?"

"घंटी वाजली तर बाहेर येईल ना! ती वाजणारच नाही."

गडव्यातून काढून मी फोन नुसता बेचक्यात ठेवला. दहा मिनिटांत वाजला.

"ताई, कवापासून लावून राहिलो! रक्ताच्या दोन बाटल्या सांगितल्या, एकच भेटली. लवकर निघा."

मी दवाखान्याचा पत्ता, वॉर्ड, सगळं विचारून घेतलं. बोलणं चाळीस सेकंदांचं. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसले आणि वेळेत पोचले.

रक्त देऊन झाल्यावर बाकावर बसवून चहा-बिस्कीट दिलं. हात रिकामे होते. बिस्किटाच्या पुड्यावर हिशेब मांडला. टॉवर दरेकशापासून नऊ किलोमीटर, ताकद वीस वॅट धरली, म्हणजे घरातले दोन बल्ब. ती चहूकडे पसरत जाते. नऊ किलोमीटरवर तिच्या गोलाचं क्षेत्रफळ शंभर कोटी चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरच्या वाट्याला वॅटचा पाच कोटीवा भाग. फोन त्या चौरस मीटरच्याही शंभराव्या हिश्शाएवढा. त्याला चाळीस सेकंदांनी गुणलं. मग ताडून पाहायला एक ग्रॅमचं मोहफूल घेतलं, पाच मीटरवरून पडणारं, आणि भागाकार केला.

उत्तर साठ लाखांच्या वर आलं. चूक असणार म्हणून पुन्हा केला. तेच.

एक फूल जमिनीवर पडतं तेवढ्या ऊर्जेत असे साठ लाख निरोप पोचले असते. वर्गात हे सूत्र मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं होतं. तिथे बसून मी ते पहिल्यांदा पाहिलं. चहा निवून गेला.

दुपारी मुलगी झाली. आई नि लेक दोघी ठीक. आत्याला मीच कळवलं, आणि राहवलं नाही म्हणून हिशेबही सांगितला.

मग आत्या म्हणाली, "म्हंजे सकाळपासून मी टोपलंभर फोन वेचून राहिली, अन् तू मले गडव्यासाठी बोलली!"