उजव्या हातातली अंगठी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता माधुरी गेली. जर्मन नर्सने माझ्या हातात एक पाकीट दिलं. त्यात मंगळसूत्र, जोडवी आणि अंगठी होती. मी सही केली.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गावी, पालमच्या स्टँडवर, माझ्या आईने तिला सांगितलेलं वाक्य मला त्या वेळी आठवायला हवं होतं. आम्ही नवरा-बायको जर्मनीला निघालो होतो. एसटीच्या खिडकीपाशी येऊन आई तिला म्हणाली, "लय थंडी हाय म्हणं तिकडं. बूट घाल, पण जोडवी काढू नको, माय." अंगठ्यांचं ती काही बोलली नाही. साखरपुड्यात आम्ही एकमेकांना घातलेल्या अंगठ्या म्हणजे तिच्या लेखी आमची हौस होती.

माधुरीने जोडवी काढली नाहीत. हिवाळ्यात बुटात बोटं सोलवटायची, मग ती मोज्यात कापूस घालायची. अंगठी मात्र कणीक मळताना रोज काढून मिठाच्या बरणीच्या झाकणावर ठेवायची. मी माझी काढत नसे. यातून कोणाला कशाचं किती वाटत होतं, हे आता ठरवू पाहतो आणि जमत नाही.

तिकडे साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात घालतात आणि लग्नाची उजव्यात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं; आमच्या डाव्याच हातात होत्या. वर्षभराने ऑफिसातल्या एका बाईने मला विचारलं, लग्न कधी करणार? घरी सांगितल्यावर माधुरी भांडी घासता घासता हसली. "म्हंजे वर्षभर बिनलग्नाचीच नांदायलेय की मी." त्या संध्याकाळी आम्ही अंगठ्यांचे हात बदलले. माझी साबण लावून काढावी लागली. ती एकदाच निघाली.

अस्थी घेऊन मी गावी आलो. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर आईने विचारलं, जोडवी तिच्या पायातच होती ना? मी पाकीट पुढे केलं. ती पायरीवर बसली.

"सवाशीण गेली, आन् मोकळ्या पायानं घालवलीस?"

मी गावचाच. सवाशिणीची जोडवी तिच्याबरोबर जातात, हे लहानपणापासून पाहिलेलं. सही करताना ते डोक्यातच आलं नाही. याला विसरणं म्हणावं की आणखी काही, मला कळत नाही.

जोडवी आणि मंगळसूत्राचे काळे मणी आम्ही अस्थींबरोबर गंगेत सोडले. मग मी अंगठी पुढे केली. आई म्हणाली, "ती ऱ्हाऊ दे. ती काय सौभाग्याची न्हाई." मी माझा हात दाखवून विचारलं, हिचं काय करू? तिने माझ्या बोटाकडे पाहिलं.

"बाप्या माणसाला काय काढायचं असतंय रे?"

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. काढ किंवा ठेव, असं कोणीतरी सांगेल म्हणून मी तेरा दिवस थांबलो. कोणी सांगितलं नाही.

जर्मनीला परत आलो. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींच्या एकाच बोटात दोन अंगठ्या असतात. दुसरी त्यांच्या नवऱ्याची, सोनाराकडून लहान करून घेतलेली. मागे राहिलेल्याने दोन्ही घालायच्या, असं त्यांनी मला सावकाश, सोप्या जर्मनमध्ये समजावलं. मी मान हलवली. वर येऊन माधुरीची अंगठी घालून पाहिली. करंगळीच्या मधल्या पेरावर ती अडकली. मोठी करून घेता येईल, पण मग ती तिच्या बोटाची राहणार नाही.

हे वाचणाऱ्यांतले जे परदेशात आहेत त्यांना हे समजेल, जे गावी आहेत त्यांनाही समजेल, पण दोघांना वेगवेगळं. पालमला असलो की मला वाटतं, मी घरी येतो तो फक्त पाहुण्यासारखा. जर्मनीत असलो की वाटतं, ही जागा तिची होती.

माझी अंगठी उजव्या हातात आहे. तिची मिठाच्या बरणीच्या झाकणावर आहे. मीठ घ्यायचं असेल तर ती आधी उचलावी लागते, आणि मग परत ठेवावी लागते.