थिएटरात मी विचारलेला प्रश्न

"दादांना सिनेमातलं काई कळलं न्हाई. पहिल्या भागात ज्याला डोळे भरून बघितलं, त्यालाच बघून म्हणले, हा कोण? सारं थेटर हसलं. मग रुसून उठले अन् भाईर जाऊन बसले."

असे माझा धाकटा भाऊ सांगतो. देवळाच्या ओट्यावर सांगतो, लग्नाच्या पंगतीत सांगतो, आणि दर वेळी त्या थिएटरातली माणसे वाढत जातात. मी प्रश्न विचारला, हे खरे. लोक हसले, हेही खरे. बाकीचे खोटे आहे. ते मी येथे लिहून ठेवतो, कारण तोंडी वादात मी बोलण्याआधीच तो हसू लागतो.

नरसीजवळच्या आमच्या गावी श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. भाऊ ओवी वाचतो, मी अर्थ सांगतो. तीसहून अधिक श्रावण आम्ही असे शेजारी बसलो आहोत. आमच्याकडे एक शिरस्ता आहे. पोथीत थोर वीर पडला, की पोथी तेथेच कापडात बांधायची. त्या दिवशी नारळ फोडायचा नाही, प्रसाद वाटायचा नाही. माणसे न बोलता उठतात. लेकरेसुद्धा हात पुढे करत नाहीत.

माझी नात हिंगोलीला कॉलेजात आहे. तिने मला महाशक्तीवाल्या नायकांचे सिनेमे दाखवायला सुरुवात केली तेव्हा भावाने चेष्टा केली. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. उडणारी माणसे पोथी ऐकणाऱ्याला नवी नसतात. त्या सगळ्या गर्दीत मला एकच जण पटला. आग अंगात शोषून घेणारा, चिडका, शब्दाचा पक्का. पहिल्या भागाच्या शेवटी सूर्य फाटतो आणि पृथ्वीवर येणारी सगळी आग तो एकटा अंगावर घेतो, कारण गच्चीवर त्याची लहान मुलगी उभी असते. जळण्याआधी तो तिला नावाने हाक मारतो.

तो पडला तसा मी टीव्ही बंद करायला लावला. नातीच्या निकालाचे पेढे घरात होते. मी म्हणालो, आज नको. तिने हातातला पेढा डब्यात परत ठेवला. पोरीला अर्थ कळला, असे मला वाटले, आणि त्याचा मला अभिमान वाटला.

दुसरा भाग पाहायला आम्ही तिघे कळमनुरीवरून नांदेडला गेलो. मध्यंतरानंतर पडद्यावर एक दार उघडले आणि तो आत आला. तोच चेहरा, तोच आवाज. शिट्ट्या वाजल्या.

"हा कोण?" मी विचारले.

"तोच की, दादा," भाऊ म्हणाला. "चष्मा पुसा."

"तो मेला."

पुढच्या रांगेपर्यंत हसू गेले. नात माझ्या कानाशी वाकली. "आबा, हा दुसऱ्या विश्वातला हाय. तिथं सूर्य फाटलाच न्हाई."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिला भाग दाखवला तवापासून. तुमी एवढं मनाला लावून घेतलं, मग सांगवलंच न्हाई."

म्हणजे तो पेढा तिने माझी समजूत राखण्यासाठी डब्यात ठेवला होता. शोक मी एकट्यानेच केला.

ज्यांनी ही कथा रचली त्यांचा अपराध याहून मोठा. त्यांना तो चेहरा सोडवला नाही. मरण परत घ्यायचेच होते, तर गच्चीवरच्या त्या पोरीसमोर त्याला जाळायचे कशाला? तरीही मी लगेच उठलो नाही. आणखी पाव तास बसलो, खात्री करून घेतली आणि मग बाहेर गेलो. भाऊ सांगताना हा पाव तास नेमका वगळतो.

गेल्या महिन्यात देवळात श्रावणाची बोलणी निघाली. भाऊ म्हणाला, "यंदा अर्थ दुसऱ्या कुणाला सांगू द्या. दादांना माणसं वळखू येईनात."

मी नातीकडे पाहिले. माझ्या बाजूची ती एकच साक्षीदार. तिने ओढणी तोंडाला लावली. खांदे हलत होते.

"का रे," मी भावाला म्हणालो, "काल पडलेला वीर उद्याच्या अध्यायात उठून बसला, तर तू पुढं वाचशील?"

"दादा, सिनेमा हाय तो."

"मग यंदा तूच बांध पोथी. वीर पडल्यावर आपण का उठतो, ते तूच सांग लोकांना."

पान उलटायचे असल्यासारखे त्याने बोट ओले केले आणि तसेच धरून बसला. निर्णय मात्र झाला नाही. तो श्रावणाच्या तोंडावर व्हायचा आहे. मला माणसे ओळखू येतात की नाही, हे ठरवायला बसणाऱ्यांनी त्या पाव तासात काय घडले ते आधी ऐकावे. पडद्यावर ती गच्चीवरची मुलगी धावत आली आणि तिने त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. त्याने तिचे हात हळूच सोडवले आणि विचारले, "बाळ, तुझं नाव काय?"